थार ओढ्यात बंद पडली, कंपनी म्हणते ‘ऑफ-रोडिंगला विमा नाही’. हे खरं आहे का?

मानपाडा_थार, ठाणे

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

मी मानपाड्याला राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. २०२२ ची थार आहे, डिझेल, २१८४ सीसी, माझ्याच नावावर. रोज घोडबंदर रोडने तीच नेते आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी जीपवाल्यांच्या ग्रुपबरोबर चिखलात जाते. पाच वर्षं पैसे साठवून घेतलेली गाडी आहे, माझा जीव आहे तिच्यावर.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी आम्ही चौदा गाड्या मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला गेलो होतो. जागा एका शेतकऱ्याची, त्याला विचारून घेतलेली. प्रत्येकी १,५०० रुपये काढले होते. त्यात जेवण, जागेचे पैसे आणि गाडी अडकली तर ओढायला ट्रॅक्टर. ओढ्याला सकाळी घोटाभर पाणी होतं. साडेअकराला माझी पाळी आली तेव्हा अर्धं चाक बुडत होतं, म्हणजे गाडीच्या आवाक्यातलंच. मधोमध डावं पुढचं चाक दगडांत अडकलं. वर माळशेजच्या अंगाला जोराचा पाऊस लागला असावा, कारण दहा मिनिटांत पाणी बॉनेटला लागलं आणि इंजिन बंद पडलं. मी घाबरले आणि दोनदा सेल्फ मारला. दुसऱ्यांदा खट्ट असा आवाज झाला, मग काहीच नाही. ट्रॅक्टरने ओढताना गाडी कलली. आत पाणी शिरत होतं म्हणून शेजारी बसलेल्या मैत्रिणीने बेल्ट सोडला होता. ती दारावर आपटली आणि तिचं कॉलर बोन मोडलं. प्लेट बसवावी लागली, हॉस्पिटलचं बिल १,१२,००० रुपये.

गाडी फ्लॅटबेडवर वागळे इस्टेटला आणायला १४,००० गेले. वर्कशॉपने उघडून पाहिलं. दोन कनेक्टिंग रॉड वाकलेत, हाफ इंजिन (इंजिनाचा खालचा अर्धा भाग) बदलायचं, शिवाय सीट, कार्पेट, वायरिंग. एस्टिमेट ३,४२,०००. माझी पॉलिसी पॅकेज आहे, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर माझ्या गाडीचं नुकसानही त्यात येतं. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जोड-कव्हर) आहे, इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून झालेल्या इंजिनाच्या नुकसानीचं जोड-कव्हर) नाही. तसंच पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) बसवलंय, टायर एक नंबर मोठे आहेत. यातलं काहीच पॉलिसीत लिहिलेलं नाही.

कंपनीचं नाव इथे घेत नाही. त्यांचं पत्र दोन ओळींचं आहे: गाडी ऑफ-रोड इव्हेंटमध्ये वापरली म्हणून दावा बसत नाही, आणि इंजिनाचं नुकसान ‘परिणामी नुकसान’ (मूळ घटनेने थेट नव्हे, तिच्यामागून झालेलं) आहे म्हणून तेही नाही.

डांबर सोडलं की विमा संपतो का? मैत्रिणीच्या बिलाचं काय? आणि जाता जाता एक वेगळा प्रश्न: माझ्या बहिणीच्या यजमानांना कर्जतजवळच्या शेतावर चार चाकी एटीव्ही (छप्पर नसलेली, हँडलने चालवायची, माती-चिखलातली गाडी) घ्यायची आहे. तिला विमा मिळतो का?

खारघर_टेकडी

वाईट वाटलं वाचून. मैत्रीण आता बरी आहे ना? मलाही एजंटने नेमकं हेच सांगितलं होतं, की रस्ता सोडून गाडी घातली की क्लेम विसरा. म्हणून मी पांडवकड्याच्या खालच्या कच्च्या वाटेवरसुद्धा जीप नेत नाही. जाणकारांनी खरं काय ते सांगावं.

नौपाडा_सर्व्हेअर

ताई, मी एकोणतीस वर्षं मोटार सर्व्हे केले. ठाणे, भिवंडी, कल्याण, मुरबाड ही माझी हद्द. आता निवृत्त आहे, कुठल्याही कंपनीशी संबंध नाही. घाईने दोन ओळी लिहून तुमची बोळवण करणार नाही.

आधी ‘डांबर सोडलं की विमा संपला’ हे डोक्यातून काढा. पॉलिसीची छापील पुस्तिका घ्या आणि वापराच्या मर्यादांचा परिच्छेद शोधा. खासगी गाडीच्या प्रमाणित मसुद्यात बंदी आहे ती अशी: भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, माल वाहणं, आयोजित शर्यत, पेस मेकिंग (शर्यतीत पुढे राहून वेग ठरवून देणं), वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी-स्पर्धा) आणि मोटार व्यवसायासाठी वापर. ‘ऑफ-रोड’ हा शब्द त्यात नाही. कच्चा रस्ता, शेत, ओढा यांचंही नाव नाही. उलट ज्या संकटांना विमा आहे त्यांत पूर, वादळ, दरड कोसळणं आणि बाहेरच्या कारणाने झालेला अपघात स्पष्ट लिहिलेला आहे. तुमच्या कंपनीने वेगळं कलम जोडलं असेल तर ते पुस्तिकेत दिसेल. नसेल तर त्यांना लेखी विचारा: कोणत्या कलमाखाली नाकारता? कलमाचा क्रमांक न देता दावा नाकारलेलं पत्र मला तरी पुरं वाटत नाही.

आता त्यांचा वकील काय म्हणेल ते सांगतो. तो म्हणेल, चौदा गाड्या, पैसे भरलेले, म्हणजे ही शर्यत किंवा रिलायबिलिटी ट्रायल. म्हणून त्या दिवसाचा ग्रुपवरचा मेसेज, पोस्टर, पैसे दिल्याची नोंद, सगळं जसंच्या तसं जपून ठेवा. वेळ मोजली का? नंबर काढले का? बक्षीस होतं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर शर्यत म्हणणं कठीण आहे. १,५०० रुपये तुम्ही दिलेत, घेतले नाहीत, त्यामुळे ‘भाड्याने वापर’ही लागू होत नाही. पण पोस्टरवर ‘चॅलेंज’, ‘ट्रॉफी’ असं काही छापलं असेल तर तेही लपवू नका. एक मेसेज डिलीट केलेला सापडला की बाकी सगळं खरं असूनही माणसावरचा विश्वास उडतो. हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलंय. खरोखरची रॅली असेल तर तिच्यासाठी आधी वेगळं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं कलम, घ्यावं लागतं, जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विमा दरांच्या नियमावलीत, त्याचा क्रमांक आयएमटी ३१.

इंजिनाचं मात्र अवघड आहे, आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढचे दोन महिने मी रोज बुडालेल्या गाड्याच पाहत होतो. कळवा, मुंब्रा, दिवा, सगळीकडे. ज्या गाड्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या बुडाल्या आणि मालकाने किल्लीला हात न लावता टो करून नेल्या, त्यांची इंजिनं बहुतेक धुऊन, तेल बदलून चालू झाली. पाणी ओसरल्यावर ज्यांनी ‘बघू चालू होते का’ म्हणून स्टार्टर मारला, त्यांची फुटली. कारण साधं आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर यायला लागला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. डिझेलमध्ये जास्त, कारण तिथे कॉम्प्रेशन मुळातच जास्त असतं.

पॉलिसीत दोन गोष्टी आहेत. एक, परिणामी नुकसान आणि यांत्रिक बिघाड वगळलेला आहे. दोन, अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर त्याने वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी, असं अटींमध्ये लिहिलेलं असतं. तुम्ही दोनदा सेल्फ मारला हे सर्व्हेअरला सांगितलं असेल तर तो याच अटीवर बोट ठेवणार. इंजिन प्रोटेक्ट असतं तर चित्र वेगळं असतं. झिरो डेप फक्त घसारा वाचवतं: प्लॅस्टिक-रबराचे ५० टक्के, धातूचे वयाप्रमाणे. नुकसान मुळात विम्यात बसतं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तरीही पूर्ण ३,४२,००० वर पाणी सोडू नका. वर्कशॉपकडून एस्टिमेटचे दोन भाग करून घ्या. सीट, कार्पेट, वायरिंग, मॉड्यूल, ब्रेक, बेअरिंग हे पाणी आत शिरल्याने झालेलं थेट नुकसान, सेल्फशी त्याचा काही संबंध नाही. इंजिनाचा भाग वेगळा. इंजिन चालू असतानाच पाणी ओढून बंद पडलं, म्हणजे पहिला रॉड तेव्हाच वाकला असण्याची शक्यता आहे. उघडलेल्या इंजिनाचे फोटो, स्कॅनर लावून काढलेल्या फॉल्ट कोडचा प्रिंट आणि वर्कशॉपचं लेखी मत घ्या. वाकलेले रॉड फेकू देऊ नका. मी स्वतः सर्व्हेला असतो तर ते हातात धरून पाहिले असते.

पाणी कसं वाढलं हेही लिहा. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनीने ६५० मिलिमीटर दिलेली आहे. तुम्ही शिरलात तेव्हा अर्धं चाक, म्हणजे मर्यादेच्या आत. गाडी अडकल्यावर लोंढा आला. भरल्या पुरात मुद्दाम गाडी घालणं आणि अडकल्यावर पूर येणं यांत फार फरक आहे. सोबतच्या तेरा जणांपैकी कुणी व्हिडिओ काढला असेलच, तारखेसकट मागून घ्या.

बंपर, विंच, टायर. इथे चूक तुमची आहे, रागावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीतल्या तपशिलापासून वेगळा बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी ठामपणे सांगितलं. बुल बार आणि क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. पण कंपनीने हा मुद्दा काढलाच तर विचारा, की बंपरमुळे इंजिनात पाणी शिरलं का? बदलाचा आणि नुकसानीचा संबंध त्यांनी दाखवायला हवा. विंचचं पुढच्या वर्षीपासून आयएमटी २४ खाली मूल्य लिहून घ्या. जुन्या टॅरिफमध्ये त्याला मूल्याच्या ४ टक्के प्रीमियम होता, ४५,००० च्या विंचला १,८०० रुपये. टोइंगचे प्रमाणित पॉलिसीत १,५०० च मिळतात, रोडसाइड असिस्टन्स असेल तर त्यात किती किलोमीटर आहेत ते बघा.

आणि एवढं करूनही त्यांनी वापराची मर्यादा मोडली असाच हट्ट धरला, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा एक निकाल आहे. अशा अटभंगात दावा पूर्ण न फेटाळता नॉन-स्टँडर्ड (अट पूर्ण न पाळलेला) धरून ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, या धर्तीचा. अर्जात त्याचा उल्लेख करा.

क्रम असा ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, मात्र कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. ठाण्यात आता लोकपालाचं कार्यालय आहे, नवी मुंबईही त्याच हद्दीत येते. सांताक्रूझपर्यंत हेलपाटे घालायची गरज नाही.

मानपाडा_थार

काका, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं आणि प्रिंट काढली. सेल्फ मारल्याचं मी सर्व्हेअरना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते बदलणार नाही. मेसेजमध्ये ‘मान्सून ड्राइव्ह’ एवढंच लिहिलंय, ट्रॉफी वगैरे काही नाही. एकाकडे पाणी चढतानाचा चार मिनिटांचा व्हिडिओ मिळाला. वर्कशॉपमध्ये फोन करून रॉड बाजूला ठेवायला सांगितले, ते भंगारात टाकणारच होते.

मला गाडीपेक्षा मैत्रिणीचं जास्त लागून राहिलंय. ती माझ्या भरवशावर बसली होती.

सीवूड्स_क्लेमडेस्क

ताई, मी आरोग्य विम्याच्या क्लेम विभागात काम करते, म्हणून तेवढ्याच भागावर बोलते.

मैत्रिणीची मेडिक्लेम पॉलिसी असेल तर आधी तिथे दावा करा. साहसी खेळ वगळलेत असं कुणी तोंडी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, प्रमाणित वगळणुकीत, कोड Excl09, शब्द आहेत ते ‘व्यावसायिक म्हणून’ धोकादायक किंवा साहसी खेळात भाग घेण्याबद्दलचे. रविवारी मैत्रिणीच्या गाडीत शेजारी बसलेली बाई व्यावसायिक खेळाडू होत नाही. डिस्चार्ज पेपरवर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते बघा. ‘मोटर स्पोर्ट्स इंज्युरी’ असं लिहिलं असेल तर दुरुस्त करून घ्या, कारण ते खरंच नाही.

तुमच्या गाडीच्या पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर फक्त मालक-चालकाला असतं आणि ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला, हाड मोडल्याच्या बिलाला नाही. शेजारी बसणाऱ्यांसाठी आयएमटी १६ वेगळं घ्यावं लागतं, माणशी २ लाखांपर्यंत. ज्या जीपमध्ये दर वेळी कुणी ना कुणी सोबत असतं, तिच्यात ते नसणं मला बरोबर वाटत नाही.

तुमची पॉलिसी पॅकेज आहे हे मात्र फार चांगलं झालं. पॅकेजमध्ये गाडीत बसलेल्यांच्या इजेची तुमची जबाबदारी धरलेली असते, पैसे घेऊन नेलं नसेल तर. नुसती थर्ड पार्टी असती तर खासगी गाडीतल्या प्रवाशांना तो आधार नसता. हे तुमच्या ग्रुपमधल्या बाकी तेरा जणांनाही सांगा. जुनी जीप आहे म्हणून नुसती थर्ड पार्टी काढणारे त्यांत नक्की असतील.

चौक_शेतघर

एटीव्हीबद्दल मी सांगतो. माझी चौक फाट्याच्या आत चार एकर जागा आहे, राहायला वाशीत. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड २५० सीसी एटीव्ही घेतली, खतं आणि पाइप न्यायला.

पहिली गोष्ट: आरसी आहे का ते विचारा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे रस्त्यावर नेता येत नाही आणि नेहमीची मोटार पॉलिसीही मिळत नाही. मी पनवेलच्या तीन एजंटांकडे फिरलो, तिघांनीही हात वर केले. कायद्यातल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतून बंदिस्त आवारातच वापरायची खास वाहनं वगळलेली आहेत, त्यामुळे आत चालवायला सक्ती नाही. पण माझ्या दोन तुकड्यांच्या मधून गावचा रस्ता जातो. तो दहा फुटांचा रस्ता ओलांडला की मी सार्वजनिक जागी विनानोंदणी, विनाविमा. तुमच्या भावजींच्या जागेतून वाट जाते का, हे आधी बघायला सांगा.

कुंपण आहे म्हणून निश्चिंत राहायचं असंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये सार्वजनिक जागेचा अर्थ बराच रुंद घेतला होता: खासगी जागा असली तरी लोकांना तिथे येऊ दिलं जात असेल, मग ते फुकट असो की फाटकावर अडवून, तर ती त्यात येते. म्हणजे शेतावर पाहुणे बोलावून पैसे घेऊन एटीव्ही फिरवायचा विचार असेल तर तो वेगळाच धंदा झाला.

शेवटी मी काय केलं? शेतघराच्या आग आणि चोरीच्या पॉलिसीत एटीव्ही यंत्र म्हणून चेसिस नंबरासकट लिहून घेतली. पाहुणे येतात म्हणून पब्लिक लायबिलिटी (आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईचा विमा) वेगळी काढली, आणि माझी व माझ्या माणसाची वैयक्तिक अपघात पॉलिसी. यात उलटून मोडतोड झाली तर दुरुस्ती मिळत नाही. तो खर्च आपला.

आणि ही गोष्ट विम्याची नाही पण सांगायलाच हवी. गेल्या वर्षी माझा पुतण्या बांधावरून उतरताना एटीव्हीसकट उलटला. हँडल बरगड्यांवर आलं. चिखल मऊ होता म्हणून वाचला. एटीव्ही जीपसारखी वाटते पण तिला वर छप्पर नाही, बेल्ट नाही, उतारावर आडवी घातली की ती आधी माणसावर येते. त्या दिवसापासून किल्ली माझ्या खिशात असते आणि अठराच्या खालच्या कुणालाही मी बसू देत नाही, घरचा असला तरी.

मानपाडा_थार

सात आठवड्यांनी लिहिते आहे, काय झालं ते कळवायला हवं म्हणून.

कंपनीच्या तक्रार कक्षाला मी काकांनी सांगितलं तसं पत्र दिलं: व्हिडिओ, मेसेज, दोन भागांतलं एस्टिमेट, रॉडचे फोटो. कोणत्या कलमाखाली नाकारलं, एवढाच प्रश्न पहिल्या ओळीत विचारला. सव्वीस दिवसांनी उत्तर आलं. ‘ऑफ-रोड इव्हेंट’चा मुद्दा त्यांनी सोडून दिलाय. सीट, कार्पेट, वायरिंग, दोन मॉड्यूल आणि बेअरिंग धरून १,२१,००० मंजूर केलेत, दाव्यात मालकाने स्वतः सोसायचे सक्तीचे २,००० कापून. टोइंगचे १,५००. इंजिन नाकारलं ते नाकारलंच, आता नीट कलम दाखवून, दुरुस्तीआधी गाडी चालू करण्याच्या अटीखाली. त्यासाठी मी लोकपालांकडे जाते आहे. पहिला रॉड पाणी ओढतानाच वाकला असं वर्कशॉपने लेखी दिलंय. काका, अर्ज पाठवण्याआधी तुम्ही एकदा वाचाल का? नौपाड्यात तुम्ही म्हणाल तिथे घेऊन येईन.

मैत्रिणीचा मेडिक्लेम मंजूर झाला. डिस्चार्ज पेपरवर खरोखरच ‘ॲडव्हेंचर स्पोर्ट’ लिहिलेलं होतं. डॉक्टरांना घडलेलं सांगितल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त करून दिलं. १,१२,००० पैकी ९८,००० मिळाले, उरलेले मी भरले. ती नको म्हणत होती.

कर्जतची एटीव्ही घेणं भावजींनी तूर्त थांबवलंय. त्यांच्या जागेच्या मधून कातकरी वाडीची वाट जाते.

हाफ इंजिन काल वर्कशॉपला आलं. बंपर उतरवायला सांगितलाय, मूळचे टायर घरीच होते ते परत घालते आहे, आणि नवीन पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट, विंच आणि चार प्रवाशांचं कव्हर लिहून घेतलंय.